आल्बी क्रेब्सच्या बरण्या

मिरांबाच्या पठारावर गाय पाणी प्यायली काय नि माणूस प्यायला काय, त्यातलं निम्मं पाणी आल्बी क्रेब्सनं वर काढलेलं असायचं. हे आम्ही फुशारकीनं सांगत नाही. आमच्याकडे नदी आहे ती नावाला, वर्षातले नऊ महिने तिच्या पात्रात मेंढ्या झोपतात. जमीन मात्र काळी, ज्वारी आणि कापूस घ्यावा तो इथंच. पाणी सगळं खाली, दोनशे-तीनशे फुटांवर वाळूच्या दगडात. ते वर आणायचं तर आल्बीला निरोप धाडायचा.

चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो बापाच्या रिगवर गेला. रिग म्हणजे काय, तर जाड दोराला बांधलेला लोखंडाचा सोटा, तो वर उचलायचा आणि खाली आपटायचा, दिवसभर, आठवडाभर. विसाव्या वर्षी त्या दोरानं त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली. चाळिशीत उजवा कान गेला. बायको नोरीन म्हणायची की बरंच झालं, तो कान तसाही तिच्या बाजूचा होता. तिच्या बोलण्यावर आल्बी कधी चिडला नाही. मुळात तो बोलायचाच कमी. आठवडाभर कुणाच्या शेतात तंबू टाकून राहायचा, त्यांच्या स्वयंपाकघरात खारवलेलं मांस आणि बटाटे खायचा, घरातली भांडणं, आजारपणं, कुणाचं कुणाशी जमत नाही ते सगळं ऐकायचा. त्यातलं एक अक्षर पुढच्या शेतात कधी पोचलं नाही. पठारावर त्याला जो मान होता तो पाण्यापेक्षा या गुणामुळे जास्त होता.

बोअरला पाणी लागलं की त्याचे दोन ठरलेले रिवाज असत. पहिला पेला शेतकऱ्यानं प्यायचा, दुसरा आल्बीनं. पांढरा इनॅमलचा पेला, निळ्या काठाचा, तो स्वतःच घेऊन यायचा आणि मग तारेनं बोअरच्या पाइपला कायमचा अडकवून जायचा. दुसरा रिवाज म्हणजे हात पुसून एक प्रश्न विचारायचा, "वहीत घालायचा का?"

वही म्हणजे सरकारच्या पाणी खात्याची नोंदवही. कायद्यानं प्रत्येक बोअर तिथं लिहायला हवा. पण त्र्याऐंशीच्या दुष्काळात झालं काय, ज्यांनी इमानेइतबारे बोअर लिहून दिले होते त्यांच्याच दारात खात्याची माणसं मीटर घेऊन आली आणि यंदा इतकंच पाणी उपसा म्हणून कागद चिकटवून गेली. न लिहिणाऱ्यांची गुरं जगली. तो धडा आमच्या लोकांनी असा गिरवला की पुढे चाळीस वर्षं विसरले नाहीत. आल्बीनं विचारायचं, शेतकऱ्यानं मान हलवायची, नको. मग दोघं हात मिळवायचे. झालं. तो बोअर आता त्या दोघांच्या पोटात.

पोटात म्हणजे अगदीच पोटात नाही. ज्या थराला पाणी लागलं त्या थराची मूठभर वाळू आल्बी बरणीत भरून ठेवायचा. नोरीन जर्दाळूच्या जॅमच्या बरण्या धुऊन द्यायची. वर चिठ्ठी, तिच्यावर शेताचं नाव, खोली, तारीख. त्याच्या शेडमध्ये भिंतीला लावलेल्या फळ्यांवर अशा अडुसष्ट बरण्या होत्या, पिवळ्या, राखाडी, काही तांबूस. सरकारच्या वहीत होते एकोणीस बोअर.

खाणीची पहिली माणसं आली तेव्हा फेब्रुवारी होता, आमच्याकडचा ऐन उन्हाळा, आणि अंगाची लाही होत होती. कुणी म्हणालं रस्त्याची पाहणी, कुणी म्हणालं पाणी खात्याचीच माणसं वेश बदलून आलीत. या दुसऱ्या अफवेवर सगळ्यांचा विश्वास बसला, कारण आमची सगळी भीती तिथंच साठलेली. गॉर्डी हॅलोरनच्या शेतात त्यातला एक तरुण घामाघूम होऊन बोअरचं पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीपाशी पोचला. तिथं पेला लटकत होता. तो दोन पेले पाणी प्यायला आणि म्हणाला, काय गोड पाणी आहे हो. गॉर्डी म्हणाला, "पावसाचं आहे. टाकीत साठवतो."

हा किस्सा गॉर्डीनं शुक्रवारी पबमध्ये सांगितला तेव्हा हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. गॉर्डी म्हणजे पठारावरचं मोठं माणूस. आवाज मोठा, शेत मोठं, तो हसला की बाकीचे हसायचे. त्या पोरगेल्या साहेबानं आपल्या टिपणवहीत 'बोअर आढळला नाही' असं लिहून घेतलं, आणि पवनचक्की डोक्यावर गरगर फिरतेय! आल्बी कोपऱ्यात बिअर घेऊन बसला होता. तोही हसला. पुढे हे त्याला फार लागलं. मी हसलो, असं तो नंतर कितीदा तरी म्हणाला.

महिन्याभरात कळलं की ती माणसं कोळशाच्या कंपनीची होती. दोन मैल लांब, एक मैल रुंद आणि चारशे फूट खोल खड्डा. एवढा खोल खड्डा कोरडा ठेवायचा तर भोवतालचं जमिनीखालचं पाणी रात्रंदिवस उपसून फेकावं लागणार, हे सांगायला आम्हांला शहरातला विद्वान लागत नव्हता. आणि हा खड्डा राज्य सरकारनं घाईच्या यादीत घातला होता. नव्या कायद्यात अशी एक यादी होती, तिच्यात नाव आलं की इतर प्रकल्पांना लागणारी चार-चार वर्षांची चौकशी नाही. हरकत घ्यायची तर वीस दिवसांत. आमच्या गावच्या पुलाचा मोडका कठडा बदलायला या सरकारला सात वर्षं लागली होती हो. खड्ड्याला वीस दिवस, तेही ज्वारीच्या कापणीत.

आल्बीची मुलगी जेनेल ही त्या कागदांच्या मागे लागली. पश्चिमेच्या टोकाला तिचं गुरांचं शेत, नवरा ट्रकवर, त्यामुळे सगळं तीच बघायची. तीनशे पानं तिनं दोन रात्रींत वाचली आणि तिला त्यात एक फट सापडली. खाणीच्या दहा मैलांत पन्नास किंवा जास्त चालते बोअर असतील तर घाईचा रस्ता बंद. मग पूर्ण चौकशी, बाहेरचे तज्ज्ञ, पाण्याचा अभ्यास, जाहीर सुनावणी. कंपनीच्या अहवालात लिहिलं होतं, बोअर एकोणीस.

ती तशीच गाडी काढून बापाकडे आली. शेडमध्ये शिरली आणि फळ्यांकडे बघत उभी राहिली. लहानपणी तिनं या बरण्यांवरची धूळ पुसली होती.

"अडुसष्ट आहेत ना, डॅड?"

आल्बी म्हणाला, आहेत.

"मग आपण जिंकलो," असं म्हणून तिनं त्याच्या टकलावर मुका घेतला. नोरीन गेल्यापासून त्या शेडमध्ये कुणी एवढं खूश झालं नव्हतं. आल्बीनं तिला चहा दिला आणि मग हळूच सांगितलं की एकोणीस सोडून बाकी बरण्या त्याच्या नाहीत. म्हणजे वाळू त्याची, पण गोष्ट शेतकऱ्यांची. हात दिलेला आहे. ज्याच्या त्याला विचारावं लागेल. जेनेलनं कपाळाला हात लावला, पण तिनं बापाला पन्नास वर्षं ओळखलेलं. ती म्हणाली, मग विचार, आणि लवकर विचार.

दुसऱ्या दिवसापासून शहात्तर वर्षांचा आल्बी आपली जुनी पिकअप घेऊन दारोदार फिरायला लागला. आयुष्यभर लोकांनी त्याला बोलावलं होतं, न बोलावता जायची ही पहिलीच वेळ. दारात टोपी काढून उभा राहायचा आणि म्हणायचा, मी शब्द सोडवून घ्यायला आलोय. काहींना समजायचंच नाही. एकाला वाटलं आल्बी आजारी आहे आणि निरोप घ्यायला आलाय. सहाव्या दिवशी तो डल्सी ट्रेलोरकडे गेला, ऐंशीच्या घरातली म्हातारी. तिथं तर त्याचं गाडंच अडलं, कारण हात दिला होता तिच्या नवऱ्याला, आणि नवरा वारून अकरा वर्षं झालेली. मेलेल्या माणसाकडून शब्द कसा सोडवायचा? डल्सीनं त्याला बसवलं, पुढ्यात लॅमिंग्टन केकची बशी सरकवली आणि म्हणाली, "आल्बी, तो गेला तेव्हा त्याची गुरं माझ्या गळ्यात पडली, त्याचा खोकणारा कुत्रा माझ्या गळ्यात पडला, त्याची बहीण तर अजून येते. मग गुपितच तेवढं त्याचं कसं? लिही."

पंधराव्या दिवशी मोजलं तर चोवीस बरण्यांचे धनी हो म्हणाले होते. एकोणीस आणि चोवीस, त्रेचाळीस. सात कमी. पंचवीस बरण्या उरल्या होत्या आणि त्या सगळ्या गॉर्डी आणि त्याच्या तोंडाकडे बघणाऱ्या आठ घरांच्या. एकट्या गॉर्डीच्या पाच. गॉर्डी हो म्हणाला असता तर बाकीचे संध्याकाळपर्यंत हो म्हणाले असते.

गॉर्डीनं त्याला ओट्यावर बसवलं. थंड बिअर दिली. गुरांच्या भावावर बोलला, पावसावर बोलला. शेवटी म्हणाला की न नोंदवलेल्या बोअरला दंड आहे तो एक भाग, पण खरी गोष्ट वेगळी. खाण येईल का नाही देव जाणे, अशा खाणी कितीदा कागदावर आल्या आणि कागदावरच राहिल्या. पण एकदा का बोअर वहीत गेला की मीटर येणारच, आणि आला की तो कधी जात नाही. त्यानं त्र्याऐंशीची आठवण काढली. तेव्हा त्याच्या बापाचे बोअर, पुढे बुजवून टाकलेले, वहीत होते. बापानं दोनशे गाई गोळ्या घालून मारल्या, आणि काडतुसं भरून द्यायचं काम गॉर्डीचं होतं.

हे आल्बीला माहीत होतं. त्या घरात नंतर तीन आठवडे तंबू टाकून तोच राहिला होता, आणि पहिले दोन चोरटे बोअर त्याच वेळचे. त्यामुळे त्याला पुढे बोलवेना. तरी त्यानं एकदा म्हणून पाहिलं की गॉर्डी, या वेळी उलटं आहे. या वेळी वहीत नसेल तोच मरेल.

गॉर्डीनं ओट्याच्या फळ्यांवर हात फिरवला. मग म्हणाला, "याच ओट्यावर तू मला हात दिलास. मी सोडत नाही तुला."

आल्बीनं बिअर संपवली, बाटली नीट कठड्याच्या आत ठेवली आणि निघाला.

शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत हरकतीचा अर्ज पाठवायचा होता. जेनेल दुपारी तीनला संगणक घेऊन शेडमध्ये आली. चोवीस बरण्यांच्या चिठ्ठ्या वाचून तिनं एकेक ओळ भरली, शेत, खोली, तारीख, थर. मग ती वरच्या फळीकडे वळली, तर तिथल्या पंचवीस बरण्यांची तोंडं भिंतीकडे होती. सकाळीच आल्बीनं शिडीवर चढून सगळ्या चिठ्ठ्या उलट फिरवून ठेवल्या होत्या. दोन बोटं नसलेल्या हातानं, एकेक.

 चार वाजले. तिनं पुन्हा फोन लावून पाहिले, आठ घरांपैकी दोघांनी उचललेच नाहीत, बाकीच्यांनी गॉर्डीचं नाव सांगितलं. साडेचार झाले. मग ती शिडीपाशी गेली आणि तिच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून थांबली. खरं तर तिला कोण अडवणार होतं? शहात्तर वर्षांचा म्हातारा. तिनं बरणी फिरवली असती आणि वाचलं असतं. पण तीही त्याच घरात वाढलेली.

"सात, डॅड. फक्त सात. मला तुझ्या तोंडून हवेत."

आल्बी खुर्चीत बसून होता. टोपी गुडघ्यावर.

"मी काय प्यायचं? माझी गुरं काय पिणार? गॉर्डीला दिलेला हात मोठा की मी?"

"हात दिलाय, जेनी," तो म्हणाला. त्याला आणखी काही सांगायचं होतं. की बासष्ट वर्षांत त्याच्याकडे दुसरं काहीच साठलं नव्हतं. की आज एकाचं सांगितलं तर काल ऐकलेलं सगळंच उघडं पडल्यासारखं होईल, आणि मग पठारावर तो कोण उरेल. पण त्याला असलं बोलता येत नव्हतं. नोरीन असती तर तिनं त्याच्या वतीनं सांगितलं असतं, किंवा सरळ त्याच्या डोक्यात बरणी घातली असती. पाचला दहा मिनिटं असताना जेनेलनं त्रेचाळीस बोअरांचा अर्ज पाठवला, संगणक मिटला आणि चहा न घेता गेली.

सोळा आठवड्यांत परवानगी आली. हरकतींची दखल घेतली आहे, असं पहिल्याच पानावर होतं. चालते बोअर त्रेचाळीस, मर्यादेच्या आत. आणि कंपनी शेजारधर्माला इतकी जागणारी, की नोंद असलेल्या बोअरचं पाणी खाली गेलं तर तेवढं पाणी ती टँकरनं पोचवेल. नोंद असलेल्या, ही अक्षरं ठळक होती.

पहिलं वर्ष नुसते रस्ते आणि धूळ. दुसऱ्या वर्षी पंप सुरू झाले. बोअरची पातळी बघायला आल्बीकडे एक लांब फीत होती, तिच्या टोकाला उपडी पितळी वाटी. फीत खाली सोडत जायची, वाटी पाण्याला टेकली की डुबुक असा आवाज येतो, तिथं आकडा वाचायचा. डावा कान पाइपला लावून तो दर महिन्याला हिंडायचा. पाइपात वर चढून उभ्या राहिलेल्या पाण्यावर एकशे ऐंशी फुटांना वाजणारं डुबुक दोनशेला गेलं, मग दोनशे चाळीसला. डल्सीकडे ते दोनशे नव्वदला गेलं आणि पुढच्या महिन्यात वाजलंच नाही. तिच्याकडे टँकर यायला लागला. म्हातारी म्हणाली की पाण्याला पोहण्याच्या तलावाचा वास येतो, चहा नासतो. पण पाणी होतं. जेनेलकडेही टँकर लागला, आठवड्यातून दोनदा, आणि गुरं निम्म्यावर आली. बापाला ती फोन करायची, औषधं घेतलीस का विचारायची. शेडमध्ये मात्र पुन्हा आली नाही.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत गॉर्डीचा निरोप आला की जरा ये, पंप हवा ओढतोय.

आल्बी गेला. गोठ्याच्या बाजूला पंधरा-वीस गाई उभ्या होत्या, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. मोठ्या आवाजाचा गॉर्डी हळू बोलत होता. चार बोअर आधीच गेले होते, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पाण्यासाठी कंपनीच्या कचेरीत गेला होता, तर तिथल्या बाईनं यादी बघून सांगितलं की तुमच्या शेतात बोअर नाहीत, आमच्या पाहणीतही आढळले नव्हते. तो म्हणाला, अहो, तुमचाच माणूस दोन पेले पाणी प्यायलाय. ती म्हणाली, त्यांनी ते पावसाचं म्हणून लिहिलंय.

पाचव्या बोअरपाशी पवनचक्की नुसतीच कुरकुरत फिरत होती. पाइपला पेला लटकत होता, निळा काठ टवके उडून गंजलेला. आल्बीनं फीत सोडली. दोनशे. अडीचशे. तीनशेला बोअरचा तळ होता, तो त्यानं स्वतःच्या हातानं गाठलेला होता. तळाला वाटी टेकली आणि टक् असा आवाज आला. दगडावर धातूचा.

"तुझा कान गेलाय," गॉर्डी म्हणाला. "परत सोड."

आल्बीनं फीत वर ओढली आणि गॉर्डीच्या हातात दिली. गॉर्डी गुडघ्यांवर बसला, कान पाइपला लावला आणि स्वतः सोडत गेला. तीनदा सोडली. मग तो तसाच बसून राहिला, गाल पाइपला टेकलेला. आल्बीला वाटलं आता हा रडणार, आणि ते आपल्याला बघवणार नाही. पण गॉर्डी रडला नाही. उठला, पँटला हात पुसला आणि पुढे केला.

"सोडलं तुला," तो म्हणाला. "जा, सांग कुणाला सांगायचं ते."

त्या हाताचं आता काय करायचं ते आल्बीला समजेना. तरी त्यानं तो हातात घेतला आणि हलवला, कारण आमच्याकडे पुढे केलेला हात कुणी तसाच ठेवत नाही.

घरी येऊन तो शेडमध्ये गेला. शिडी लावून वर चढला आणि वरच्या फळीवरच्या गॉर्डीच्या पाच बरण्या एकेक करून फिरवल्या. चिठ्ठ्यांवर नोरीनचं अक्षर होतं. हॅलोरन, दोनशे चौदा फूट, गोड पाणी. हॅलोरन, तीनशे फूट, भरपूर.  मग खाली येऊन त्यानं जेनेलला फोन लावला आणि म्हणाला, "गॉर्डीनं सोडलं मला."

पलीकडून मोटारीची घरघर येत होती. जेनेल इतका वेळ काही बोलली नाही, की आल्बीनं फोन दुसऱ्या कानाला लावून पाहिला, मग परत चांगल्या कानाला.

"टँकर आलाय, डॅड," ती म्हणाली. "पाइप धरायचाय मला." आणि तिनं फोन ठेवला.